पूजेच्या दुकानासारखी दिसणारी नायिका

शिरपूरच्या एका इंजिनीअरिंगच्या पोरानं प्रश्न विचारलाय. दोन मित्रांना घेऊन तो मोबाइलवरचा गेम बनवतोय आणि त्यातली नायिका त्याला आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीवरून सुचलीय. चित्रही जोडलंय. कपाळावर तिसरा डोळा, डोक्यामागे फिरणारं मंडल, उजव्या हातात त्रिशूळ, दंडावर स्वस्तिक, पदरावर श्रीयंत्र, पायाशी नाग आणि सगळ्यावरून निळा उजेड. त्याचं म्हणणं असं: "ॲनिमेत (जपानी ॲनिमेशनमध्ये) प्रत्येक खुणेला अर्थ असतो. माझ्याही प्रत्येक खुणेला अर्थ आहे. तरी मित्र म्हणतात की ही पूजेच्या दुकानासारखी दिसते. चुकतंय कुठे, सर?"

सर नको, दादा चालेल. मी चौदा वर्षं गेमसाठी पात्रं काढतोय. सुरुवातीची नऊ पुण्यात गेली, आता जळगावला घरूनच काम करतो. तुझे मित्र बरोबर बोलतायत, पण कारण त्यांना सांगता आलेलं नाही. खुणा जास्त झाल्यात हे खरं, तरी दुखणं त्याच्या खाली आहे. यातली एकही खूण तिला महागात पडलेली नाही. त्रिशूळ दिसला, मिळाला. तिसरा डोळा हवा होता, उघडला. अशी फुकटची खूण म्हणजे नुसती नक्षी. तिचा अर्थ पुस्तकात कितीही खोल असला तरी खेळणाऱ्याला ती नक्षीच वाटते.

'फुलमेटल अल्केमिस्ट' तू पाहिलं असणारच. हिरोमु अराकावाची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००१ ते २०१० चालली. त्यात किमयेची वर्तुळं ढिगानं आहेत, भौमितिक, देखणी, टॅटू काढून घ्यावीत अशी. पण मला विचारशील तर त्या अख्ख्या मालिकेतली सगळ्यात भारी खूण सगळ्यात ओबडधोबड आहे. अल्फॉन्सच्या पोकळ चिलखतात, आतल्या बाजूला, एडवर्डनं बोटानं रक्तात काढलेली मोहोर. दोघे भाऊ मेलेली आई परत आणायला गेले आणि किमयेचा नियम मोडला. एडचा पाय गेला, भावाचं अख्खं शरीर गेलं. मग भावाचा जीव तेवढा धरून ठेवायला एडनं हातही दिला. ती मोहोर पुसली गेली की अल संपला. आता बघ, ती बाहेरून दिसतसुद्धा नाही! चिलखताचं डोकं निघालं की आपण आत डोकावतो आणि दर वेळी पोटात कालवतं. एवढीशी रेघ, पण तिच्यावर एक माणूस टांगलेला आहे.

त्याच मालिकेतला आगीचा किमयागार रॉय मस्टँग घे. त्याच्या हातमोज्यावर वर्तुळ आहे आणि मोज्याचं कापड चुटकी वाजवली की ठिणगी पाडणारं. म्हणून पावसात तो निकामी, आणि सोबतचे लोक त्याला तोंडावर तसं सांगतातही. इथे खुणेला मर्यादा आहे, ती मर्यादा वस्तूत आहे आणि वस्तू हातात आहे. चुटकीची ती एक हालचाल झाली की पात्र उभं राहतं. त्याच्या गणवेशावर आणखी चार यंत्रं काढली असती तर चुटकीकडे कुणी पाहिलंही नसतं.

तर पहिला प्रश्न चित्राच्या आधीचा: ही खूण तिच्याकडे आली तेव्हा तिनं काय सोडलं?

आपल्याकडे याला तयार शब्द आहे, पाळणी. तो मला पुस्तकात सापडला नाही, सातपुड्यात सापडला. काही वर्षांपूर्वी अक्कलकुवा तालुक्यात काठी गावच्या होळीला गेलो होतो. रात्रभर ढोल चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. अंधारात मला आधी बुध्या, म्हणजे होळीत सजून नाचणारा माणूस, दिसला नाही, ऐकू आला. कमरेचे घुंगरू आणि वाळलेले भोपळे एका लयीत आपटत होते. मग आगीच्या उजेडाच्या कडेला एक आकृती आली: डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, उघड्या अंगावर पांढरे ठिपके, कमरेला ते भोपळे. पन्नास पावलांवरून, धुरातून, झोप डोळ्यांवर असतानाही कोण आलंय हे कळत होतं. मी त्या वेळी एका परदेशी गेमसाठी शामनचे, म्हणजे मांत्रिकाचे, अठरा नमुने काढून बसलो होतो. त्यातला एकही याच्या जवळपास नव्हता.

सकाळी चहाच्या टपरीवर तिथल्याच एका म्हाताऱ्या बाबांना मी शहाण्यासारखं विचारलं, या ठिपक्यांचा अर्थ काय? बाबा म्हणाले, अर्थ काय, त्यानं नवस केलाय. मग ते पाळणीबद्दल बोलत राहिले. नवस करणारा माणूस तेवढे दिवस खाट सोडतो, ब्रह्मचर्य पाळतो, घरात असून घरचा राहत नाही. टोप नि ठिपके त्या पाळणीची वर्दी आहेत. मी ठिपक्याचा अर्थ विचारत होतो आणि ते मला ठिपक्याची किंमत सांगत होते. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक पात्राच्या पानावर वरच्या कोपऱ्यात 'पाळणी' असं लिहून पुढे जागा सोडलेली असते. जागा भरली नाही तर चित्र पुढे सरकत नाही.

(बुध्याचा टोप उचलून तुझ्या गेममध्ये घालू नकोस बरं का. तो ज्यांचा नवस आहे त्यांचा आहे. विचार उचल, पिसं नको.)

आता कानबाईकडे येऊ. तू तिच्यावरून सुरुवात केलीस आणि तिलाच विसरलास. तुझ्या चित्रात शंकराचं सगळं आहे, कानबाईचं काहीच नाही.

आमच्या घरी नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. तुमच्याकडेही बसत असेल. मी लहान असताना आजी नारळ मांडीवर घेऊन बसायची. तोवर घरात कल्ला असायचा. काका सुरतेहून आलेले, आत्या भुसावळहून, पोरं एकमेकांच्या अंगावर. आजी नारळाला नथ लावायची, कुंकू लावायची, तरी आमचा दंगा चालूच. मग ती डोळे लावायची. दुसरा डोळा बसला की नारळ आमच्याकडे वळवायची आणि हळूच म्हणायची, "आते ती देखी ऱ्हायनी." आता ती बघतेय. झालं, सगळे गप. दोन मिनिटांपूर्वी तो बाजारातून आणलेला नारळ होता, त्याला कुणीही ढकललं असतं. आता त्याच्यासमोर पाय पसरून बसायची कुणाची हिंमत नव्हती.

जपानात दारुमा नावाची गोल बाहुली मिळते. ती विकतात तेव्हा तिचे डोळे कोरे असतात. काही मनात धरलं की एक डोळा रंगवायचा, ते पूर्ण झालं की दुसरा. म्हणजे एका डोळ्याची दारुमा कुणाच्या कपाटावर दिसली की समजायचं, या माणसाचं काहीतरी बाकी आहे. एका ठिपक्याच्या असण्या-नसण्यात अख्खी गोष्ट. आणि तू तुझ्या नायिकेला थेट तिसरा डोळा देऊन मोकळा झालास! तिला अजून पहिले दोनच लागलेले नाहीत असं धरून बघ. पहिल्या पातळीवर मुखवट्याला डोळे नाहीत. पुढे केव्हातरी एक लागतो.

आणि रोट, कानबाईचा गव्हाचा नैवेद्य? सगळा खजिना तर तिथे आहे. आमच्याकडे रोटाचे गहू मोजतात ते घरातल्या पुरुषांच्या डोक्यामागे सव्वा मूठ. शहरात गेलेला, भांडून वेगळा झालेला, सगळे मोजायचे. तो रोट भाऊबंदकीतच खायचा, बाहेर द्यायचा नाही आणि पुनवेच्या आत संपवायचा. तू गेम बनवतोस ना? मग हा काय आहे? शक्ती मोजायचं माप आहे, ती कुठे वापरायची याचं कुंपण आहे आणि मुदतही आहे. तिघांनी डोकी लढवूनही एवढा पक्का नियम सुचला नसता. नायिकेची ताकद निळ्या उजेडात दाखवण्याऐवजी मुठींत मोज. जेवढी माणसं तिनं परत जोडली, तेवढ्या सव्वा मुठी. आणि मोजणीत फक्त पुरुषच का, हे भांडण तुझ्या नायिकेनं उकरून काढलं तर मला तर आवडेल. माझ्या बहिणीनं ते घरी काढलं होतं आणि आजीनं दळण पुन्हा मोजलं होतं.

एक सांगून ठेवतो, नायिका म्हणजे साक्षात कानबाई करू नकोस. जिच्या घरी कानबाई बसते अशी पोरगी कर. देवी हरू शकत नाही, आणि जी हरू शकत नाही ती खेळायला कंटाळवाणी. शिवाय तिला मार खाताना तुझीच आई बघू शकणार नाही.

ॲनिमेत प्रत्येक खुणेला अर्थ असतो, या तुझ्या वाक्याचं अर्धंच मला पटतं. 'सेलर मून' घे, १९९२ ची ॲनिमे. तिथल्या मुली ग्रहांच्या. बुधाची मुलगी पाण्याची, निळी. गुरूची मुलगी हिरवी, तिच्याकडे वीज आणि झाडंपानं. आपल्या नवग्रहांच्या हिशेबानं हे सगळं उलटंपालटं आहे, आपला बुध हिरवा आणि गुरू पिवळा. पण जपानी भाषेत बुध म्हणजे 'पाण्याचा तारा', मंगळ 'आगीचा', गुरू 'लाकडाचा', शुक्र 'धातूचा'. म्हणून गुरूच्या मुलीला झाडं मिळाली. वीज मात्र आली ग्रीकांच्या झ्यूसकडून, कारण पाश्चात्त्यांचा ज्युपिटर तोच. तिथल्या शाळकरी मुलीला यातलं निम्मं न सांगता कळतं, कारण ग्रहाच्या नावातच ते लिहिलंय. आपण इथे बसून "हिरवा का?" याच्यावर रात्र काढतो. बघणाऱ्याच्या घरात ती खूण आधीपासून असेल तरच ती कमी शब्दांत काम करते.

स्वस्तिकाचंही तेच. आपल्याकडे ते उंबऱ्यावर आणि नव्या गाडीच्या बॉनेटवर असतं. जपानातही ते देवळांचं चिन्ह आहे, मांजी म्हणतात. 'नारुतो'च्या मांगात नेजी नावाच्या पात्राच्या कपाळावर तेच होतं. ॲनिमे करताना ते बदलून दुसरी खूण दिली, कारण युरोपात त्याचा अर्थ नाझींनी कायमचा नासवून ठेवलाय. तुझा गेम स्टोअरवर टाकणार असशील तर दंडावरचं स्वस्तिक काढ. आजीच्या घराच्या उंबऱ्यावर ठेव, तिथे ते आपल्या जागी आहे.

उलट हाताच्या मुद्रा बघ, त्या किती लांबचा प्रवास करून आल्यात. 'नारुतो'मध्ये बारा राशी-प्राण्यांच्या बारा मुद्रा, 'जुजुत्सु काइसेन'मध्ये आपलं जादूचं क्षेत्र उघडताना प्रत्येकाची वेगळी. याचं मूळ बौद्ध तंत्रातल्या मुद्रांत आहे, आणि त्या निघाल्या भारतातून. तुला त्या इंटरनेटवर शोधायची काय गरज? जळगावहून अजिंठा दीड-दोन तासांवर. पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्ध बसलाय, दोन्ही हात छातीशी, धर्मचक्र मुद्रेत. समोर उभा राहून फक्त बोटं काढ. डाव्या हाताचं कुठलं बोट उजव्याला कुठे टेकतं, मनगट किती वळतं. मी तीनदा चुकलो. चित्रात हात काढता न येणं ही आमच्या धंद्यातली जुनी लाज आहे, आणि त्या शिल्पकारानं तर ते अंधारात, दगडात काढले. बाहेर पडताना गाभाऱ्याच्या दाराशेजारच्या भिंतीवर रंगवलेल्या बोधिसत्त्व पद्मपाणीजवळ जरा थांब. हातात एकच कमळ आहे. तेवढंच.

आता धंद्याची बाजू, थोडक्यात.

मोबाइलवर तुझी नायिका बोटाच्या पेराएवढी दिसणार. आकृती पूर्ण काळ्या रंगानं भरून टाक आणि फोन हातभर लांब धर. कोण आहे हे कळलं नाही तर आत काय रंगवलंय याला काही किंमत नाही. पोकेमॉनमध्ये ब्रेकच्या आधी काळी सावली दाखवून "हा कोण?" विचारायचे, आठवतं? ती आमच्या धंद्याची रोजची परीक्षा आहे. बुध्या त्यात पहिल्या झटक्यात पास होतो. तुझी नायिका मात्र काळी केली की निवडुंगासारखी दिसते, मी करून बघितली.

दुसरं, जे काढशील ते हलवावं लागतं. ॲनिमेत सेकंदाला चोवीस फ्रेम असतात, पण दर फ्रेमला नवं चित्र काढत नाहीत. एक चित्र दोन-तीन फ्रेम चालवतात, म्हणजे सेकंदाला बारा किंवा आठ चित्रं. तरी प्रत्येक जास्तीची माळ सेकंदाला आठदा काढायची, आणि तीही हलताना. म्हणून जादुई मुलींच्या मालिकांत सगळी नक्षी रूपांतराच्या प्रसंगात ओततात. तो प्रसंग एकदाच जीव तोडून काढायचा आणि दर भागात तोच वापरायचा. आपण त्याला विधी समजतो, स्टुडिओ त्याला काटकसर समजतो, आणि दोघंही बरोबर आहेत. काही गोष्टी तर निव्वळ कामाच्या कंटाळ्यातून जन्मतात. 'ड्रॅगन बॉल'मधल्या गोकूचे केस सुपर सायन या ताकदवान रूपात सोनेरी का? काळ्या-पांढऱ्या मांगात ते पांढरे सोडता येतात, शाई भरत बसावं लागत नाही, असं खुद्द त्याचे चित्रकार तोरियामांनी सांगितलं होतं. त्या केसांवर लोकांनी केवढे सिद्धांत मांडलेत!

मी स्वतः याची शिक्षा भोगलीय. पुण्यातल्या पहिल्या नोकरीत एक तांत्रिक खलनायक काढला होता. कवट्यांच्या माळा, सात प्रकारची रुद्राक्षं, छातीवर श्रीयंत्र. तो हलवायचं काम ज्याच्याकडे गेलं त्यानं दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक खरी माळ आणून ठेवली आणि म्हणाला, ही घालून पळून दाखव. वर ते यंत्रही चुकलं होतं. श्रीयंत्रात नऊ मोठे त्रिकोण एकमेकांत गुंततात, चार वर टोक केलेले, पाच खाली, आणि त्यातून त्रेचाळीस छोटे त्रिकोण निघतात. माझे मोठे आठच होते. हे कुणाला कळलं? आमच्या हिशेबनीस बाईंना, त्या रोज त्याची पूजा करायच्या. त्यांनी पडद्याकडे बघून फक्त "अपुरं आहे" म्हटलं. तुझ्या पदरावरचंही मी मोजलं. सांगत नाही, तूच मोज.

खूण बदलत गेली की ती जिवंत वाटते, हे 'ओकामी'त फार छान जमलंय. २००६ चा गेम आहे. आमातेरासू म्हणजे सूर्यदेवता, पांढऱ्या लांडग्याच्या रूपात, अंगावर लाल रेघा. त्या रेघा गावातल्या साध्या माणसांना दिसत नाहीत, त्यांना तो नुसता पांढरा लांडगा. आणि तिच्या जादूच्या कुंचल्याची शाई सगळी संपली की त्या रेघा आपल्यालाही दिसेनाशा होतात, काही वेळ ती खरोखरच साधा लांडगा उरते. कोपऱ्यात मीटर बघायला नको, तिचं अंगच सांगतं. तुझ्या नायिकेचं गोंदण असं वागू शकेल. आपल्या आज्यांच्या हातावर तुळशीवृंदावन असायचं, विंचू असायचा, कपाळावर टिकल्या. तो विंचू फक्त भाऊबंदांना दिसला तर?

शेवटी त्या निळ्या उजेडाचं बोलायचं राहिलं. मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे, गेला असशील. चांगदेवाची गोष्ट आपण शाळेत ऐकली ती कोरं पत्र आणि भिंतीची. पण कधी ती पात्ररचना म्हणून बघितलीस? एकीकडे चौदाशे वर्षांचा योगी, वाघावर बसलेला, हातात सापाचा चाबूक, मागे शिष्यांचा जथा. शेवटच्या पातळीवरचा खलनायक म्हणून आजही तसाच्या तसा चालेल. समोर चार भावंडं, मातीच्या भिंतीवर बसलेली. ना शस्त्र, ना वाहन, ना प्रभावळ. भिंत चालते. तीही काही चमकत नाही. वाघाला निदान पाय होते, भिंतीला कसले पाय? जी वस्तू चालणं शक्यच नाही ती चालली, म्हणून चांगदेव खाली उतरला. 'वन पंच मॅन'चा सैतामा याच जातीचा आहे, टकला, पिवळा झबला घातलेला, अंड्यासारखा चेहरा, आणि सगळे सजलेले राक्षस एका ठोशात गार. तो विनोद चालतो कारण बाकी सगळे चांगदेव आहेत.

तर तुझ्या चित्रातून मी काय काढीन? त्रिशूळ, नाग, स्वस्तिक, यंत्र, तिसरा डोळा आणि निळा उजेड. नथ घालीन, कारण ती नारळावरून आली आणि सावलीतही दिसते. मंडल ठेवायचंच असेल तर त्याची परडी कर, तिच्यात मुठी साठतात. पाळणीच्या जागी काय लिहायचं ते तू ठरव. माझ्या मनात एक आलंय: रोट पुरा होईपर्यंत ती कुणाच्याच घरी जेवत नाही.

आणि त्रिशूळ काढल्यावर रिकाम्या हातात काय द्यायचं, ते आत्ताच ठरवू नकोस. यंदा कानबाईला फोन बाजूला ठेवून आजीजवळ बस. डोळे लावताना तिची बोटं कशी थांबतात, कुंकवाचं बोट ती कशाला पुसते, नारळ वळवताना अंगठा कुठे असतो, ते बघ. काळी आकृती मात्र आज रात्रीच करून टाक, अर्ध्या तासाचं काम आहे. झाली की इथेच टाक, बघतो.